आजाला एकही सवाल नाही

आजच्या सभेचे अध्यक्ष माननीय आबासाहेब, परभणीहून आवर्जून आलेले पाहुणे, जिंतूर मंडळीतले वडीलधारे, मायबहिणी, आणि ज्यांच्या निरोपासाठी आपण जमलो ते आपले पाळक रेव्हरंड नागनाथसाहेब व त्यांच्या सौभाग्यवती गीताबाई, सर्वांना माझा सलाम.

साहेबांच्या प्रवचनांविषयी आधीचे वक्ते बोलले. मी आमच्या घरच्या भांडणाविषयी बोलणार. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या शिंपडणारे, तान्ह्या लेकराच्या कपाळी बाप्तिस्म्याचं पाणी लावून त्याला प्रभूच्या पदरात घालणारे. आणि सून सत्यशीला आली बुडवणाऱ्यांच्या घरातून. त्यांचं म्हणणं, आधी स्वतःच्या तोंडानं विश्वास कबूल करा, मगच पाण्यात बुडून बाप्तिस्मा घ्या. एकोणऐंशी साली नात झाली, सुवार्ता, अन् वाद पेटला. मी म्हणालो, "पवित्र शास्त्रात एका तुरुंगाच्या नाईकानं घरादारासकट बाप्तिस्मा घेतला. त्या घरात एकबी तान्हं नसंल व्हय?" सून म्हणाली, "मामा, व्हतं असं तरी कुठं लिवलंय?"

आज एक कबुली देतो. सत्यशीला, तुलाही हे आजच कळतं आहे. एका मंगळवारी तू शाळेत शिकवायला गेली होतीस. मी तीन महिन्यांची सुवार्ता टॉवेलात गुंडाळली आणि थेट साहेबांच्या बंगल्यावर गेलो. म्हणालो, "शिंपडा. पंडितची ना न्हाई." पंडित म्हणजे माझा मुलगा. तो बापाला कधी ना म्हणालेला नाही, अन् बायकोलाही नाही.

साहेब तर आपलेच, शिंपडणारे. त्यांना काय जड होतं? त्यांनी लेकरू मांडीवर घेतलं, उपासनेचं पुस्तक उघडलं आणि म्हणाले, "व्यंकटराव, इथं आईबापाला सवाल आहेत. आजाला एकही नाही. मग आईचं 'होय' कोण देणार?" मी तिथंच अडून बसलो. ते म्हणाले, "घरी न्या. आईला चुकवून मी हिला देवाच्या पदरात घालणार नाही."

मी चिडलो. तीन महिने देवळाची पायरी चढलो नाही. खरं सांगतो, भीती वाटत होती, पोरगी प्रभूला परकीच राहिली तर? मग हट्टाला पेटलो. आजाला शिकवायला तर बंदी नाही! पोरगी बोलायला लागली तशी रोज सकाळी चहाच्या आधी गीतं, दहा आज्ञा, प्रभूचे दाखले. माझ्या शिकवणीनं तिनं आपणहून बाप्तिस्मा मागितला की सून हरली, असा माझा डाव.

यंदा तिनं मागितला! येलदरीला, पूर्णेच्या पाण्यात, जन्मभर कपाळाला पाणी लावणारे आमचे साहेब कमरेइतके उतरले. काठावर शिंपडणारे अन् बुडवणारे एकाच सतरंजीवर. साहेबांनी विचारलं, "तू विश्वास धरतेस का?" पोरगी असं खणखणीत "होय" म्हणाली की पल्याडचे मासे धरणारे वळून बघायला लागले. जिंकलं कोण? मी म्हणतो मी. सून म्हणते ती. आम्ही दोघंही माघार घेत नाही!

पण साहेब, चौदा वर्षं तुम्ही तो मंगळवार कुणाला कळू दिला नाहीत. घरात माझी मान वर ठेवलीत. तुमचे आभार कोणत्या शब्दांत मानू?

बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर सभेनं पोटात घालावं. सत्यशीला, तुझी मात्र नीट माफी मागतो. तुझं लेकरू तुझ्या पाठीमागे उचलून नेलं. चुकलो. तिसऱ्या रांगेतून काय ते सांग.

हसायलीय! साहेब, बघा, हसायलीय!