कावळे राखणाऱ्या मॅडम

अकाउंट्समध्ये मी पास कशी झाले, असं सगळे विचारतात. खरं सांगू? कावळ्यांमुळे.

पेपर ऑनलाइन होता आणि आमच्याकडे नेटवर्क फक्त अंगणात. तिथेच आईचे बोंबील वाळत घातलेले. बोईसरच्या बाजाराला निघताना ती बजावून गेली, "कावल्यांवर लक्ष ठेव गो!"

मी गणितं सोडवत होते आणि दर दोन मिनिटांनी डावीकडे बघत होते. कॅमेऱ्यातून पहारा देणाऱ्या मॅडम कडाडल्या, "डावीकडून उत्तरं कोण सांगतंय?"

"कोणी नाही मॅडम, कावळे आहेत."

"चेष्टा करता? पेपर रद्द करीन! लॅपटॉप फिरवा!"

फिरवला. दोरीभर बोंबील आणि कौलांवर टपलेले सात-आठ कावळे. मॅडमनी वाकून नीट पाहिलं. मग म्हणाल्या, "खुर्ची सरकवा. तुम्ही आणि बोंबील, दोन्ही दिसायला हवेत. लिहा आता, मी बघते."

मी मान खाली घातली ती ताळेबंद जुळेपर्यंत. मधे दोनदा लॅपटॉप ओरडला, "आला, आला! हाकला!" तेवढ्यापुरती उठले.

संध्याकाळी आईने बोंबील पाहिले. एकालाही चोच लागली नव्हती. मी तिला सगळं सांगितलं. पेपर कसा गेला, हे तिने विचारलंच नाही. म्हणाली, "त्या बाईला इचार, उद्या पन येल काय?"