शिळा परवलीचा शब्द

ऐका. आणि तात्या, मधेच "असं कुठं असतं का?" म्हणू नका. गोष्ट संपू दे.

गुणाजी आपल्याच आळीतला. पूर्वेच्या डोंगरात, दारूगोळ्याच्या तळावर शिपाई. वर एक जवान तापानं फणफणलेला, म्हणून हा खालच्या गावातून औषध घेऊन निघाला. वाटेत अंधार पडला. त्यात धुकं! हाताला हात दिसेना. पण खरी पंचाईत वेगळीच. परवलीचा शब्द दिवस मावळताना बदलायचा, आणि नवा शब्द गुणाजीला ठाऊक नव्हता. शब्द चुकला की गोळी! हुकूमच तसा.

का? पावसाळ्यात वेगळा देश मागणारे बंडखोर आपल्या फौजेचे कपडे घालून फाटकाशी आले होते. तळ घ्यायला! फितुरीनं मिळवलेला शब्द त्यांनी सांगितला. पण तो आदल्या दिवसाचा. सगळे फाटकातच पडले. पहाऱ्यावर कोण होतं? गुणाजी!

तर त्या रात्री धुक्यात मागून हाक आली, "थांब की गड्या." जवळ आला तो माणूस, अंगावर आपल्याच पलटणीचा वेश. गुणाजीला हायसं वाटलं. त्या सोबत्यानं विडी मागितली. गुणाजीनं काडी ओढली, विझली. दुसरी ओढली, तीही विझली. चेहरा काही दिसेना. पुढं पावलांचे आवाज वाढले. दोघांची नव्हे हो, घोळक्याची! वळून बघावं, तर तो एकटाच.

"आजचा शब्द सांगू?" तो कानाशी म्हणाला. "मशाल."

"थम! कौन आता है?" फाटकावरून रावबा गरजला. रावबा म्हणजे गुणाजीचा जिवलग. बंदुकीचा खटका वाजला.

गुणाजीनं तोंड उघडलं, आणि एकदम आठवलं. मशाल! मरताना ते बंडखोर हेच ओरडत होते. त्याच्याच गोळ्यांपुढं!

औषध छातीशी धरून तो मातीत पालथा पडला. "रावबा! तुझ्या आईची जवसाची चटणी मीच संपवली रे! उंदरानं नाही!"

वरून रावबा ओरडला, "गुण्या, चोरा! आत ये, तुला बघतोच!"

गुणाजी आत आला, मागं फाटक लागलं. रावबाचा चेहरा पांढराफटक. "चटणी गेली खड्ड्यात. तुझ्यामागं ती रांग कुणाची होती? सगळे 'मशाल, मशाल' करत होते!"

औषध पोचलं, जवान वाचला. ती वाट मात्र अंधारात कुणी धरत नाही. तुम्हीही धरू नका. आणि तात्या, हसताय खरं, पण चुकून गेलातच, तर सोबत्यानं दिलेला शब्द उच्चारू नका. त्या शब्दावर तो स्वतः मेलेला असतो.