होकायंत्र आणि माझा ओटा

आता ऐका, आमच्या ह्यांनी मोबाइलवरच्या लिलावात बोली लावून जहाजावरचं जुनं होकायंत्र घेतलं. पांडेसऱ्यासारख्या कारखान्यांच्या वस्तीत राहून आम्हाला कुठला समुद्र ओलांडायचाय? पण आल्या आल्या त्यांनी ते स्वयंपाकघरात गॅसच्या बाटल्यावर, म्हणजे सिलिंडरवर, ठेवलं, काटा पाहिला आणि म्हणाले, "तू इतकी वर्षं दक्षिणेला तोंड करून रांधतेस. म्हणूनच घरात कटकट!"

"कटकट तुमच्या तोंडानं होते," मी म्हटलं.

तरी दुसऱ्या सकाळी ओटा फोडायला गवंडी हजर. मी भाकरी थापत होते, खिडकीतून ऊन सरळ माझ्या डोळ्यांत.

"अहो, आज सूर्य दक्षिणेला उगवला का?"

"यंत्र खोटं बोलत नाही. अख्खी जहाजं चालली त्याच्यावर."

"जहाजवाले ते लोखंडी बाटल्यावर ठेवत नव्हते!" म्हणत मी यंत्र उचलून अंगणात नेलं. काटा गर्रकन फिरला आणि उगवता सूर्य एकदाचा पूर्वेला आला.

मी गवंड्याला म्हटलं, "भाऊ, हातोडा ठेवा, भाकरी खाऊन जा. ओटा जागेवरच आहे. ह्यांचं डोकं तेवढं सरकलंय, ते मी बसवते."