रश्श्यातली लस

(घाटनांदूर, निजामाचं राज्य. प्लेगामुळं गाव रिकामं करून माणसं माळावर खोपी घालून राहिलेली. चंद्रभागाबाई सासू, वच्छलाबाई थोरली सून, शिवकन्या धाकटी.)

वच्छलाबाई : मी बजावलं हुतं तुला. मामंजींनी इचारलं तर तुपाची लस म्हन, फुडं बोलू नगंस.

शिवकन्या : त्यांनी कशाची करतात विचारलं, मी सांगितलं. खोटं कशाला बोलायचं, जाऊबाई?

चंद्रभागाबाई : आता मलाबी सांग. माळकऱ्याच्या घरात काय आनाय निगालीस?

शिवकन्या : वीसेक वर्षांपूर्वी मुंबईत एका साहेबानं ही लस काढली. बोकडाच्या मटणाचा रस्सा, त्यावर तुपाचे थेंब. त्या थेंबांना धरून प्लेगाचे जंतू खाली लोंबत वाढतात, मग ते तापवून मारतात. पहिली सुई त्यानं स्वतःलाच टोचून घेतली, आत्याबाई.

चंद्रभागाबाई : त्याचं काय बाटनार हुतं? पुन्याच्या कालेजात रस्साच शिकविला वाटतं तुला.

वच्छलाबाई : माझी शेवंता दंड उघडा करून रांगेत हुती. मामंजींनी वढत माघारी आनली. तुज्या एका शब्दापायी.

शिवकन्या : डॉक्टर अजून वेशीपाशी आहेत. आत्ता नेऊ तिला.

चंद्रभागाबाई : कुनी कुटं जानार न्हाई. अन् तुजं पोरगं, धर्मा, कावून तापलाय?

वच्छलाबाई : बोल की. त्यालाबी टोचलंस का?

शिवकन्या : सकाळीच टोचून आणलं त्याला. दोन दिवस ताप येतो, मग उतरतो.

चंद्रभागाबाई : म्हंजी रोग सुईनं घरात घेतलास. मुंजाजी गड्याला म्हनावं गाडी जुंप. जा तेलगावला, बापाच्या घरी घाल काय घालायचा त्यो गोंधळ.

शिवकन्या : जाते. शेवंताला तेवढं माझ्याबरोबर द्या.

चंद्रभागाबाई : आमची नात बाटवाया?

शिवकन्या : जाऊबाई, तुमची लेक आहे. तुम्ही सांगा.

वच्छलाबाई : हात सोड तिचा. मामंजींच्या फुडं मी कदी बोललेय का?

शिवकन्या (काही दिवसांनी, तेलगावात लिहिताना) : धर्माचा ताप तिसऱ्या दिवशी उतरला. तेलगावाहून दोन चिठ्ठ्या धाडल्या, उत्तर नाही. हे वाचणाऱ्यांपैकी कुणी घाटनांदुराकडं जाणार असाल, तर माळावरच्या शेवटच्या खोपीत डोकावा. शेवंता सात वर्षांची आहे, परक्यांना लाजते. गोडीनं जवळ घ्या, आणि काखेत प्लेगाची गाठ लागते का, तेवढं बघा.