वडूजचा म्हणा, औंधचा म्हणा

काय सांगू तुम्हाला, माझं जन्मगाव वडूज, तिथं माणसाला पाण्याची मारामार आणि आमची आई भांडी विसळलेलं पाणी गुलाबाला घालायची. फिकट पिवळा, कडंला गुलाबी, मान कायम खाली, सासऱ्यापुढं नवी सून उभी ऱ्हावी तशी. वास म्हणाल तर चहापत्तीचा डबा उघडल्यागत. आला कुठनं? आई म्हणायची तुझ्या बानं पलटणीतनं आणला, बा म्हणायचा छट्, हिनंच माहेराहून आणला. दोघं भांडत भांडतच गेली, गुलाब ऱ्हायला.

लग्नानंतर मी त्याची काडी सांगलीला आणली, रोपं विकायला लागले. रानगुलाबाच्या खुंटावर ह्याचा डोळा, म्हंजे काडीवरचा कोंब, भरायचा, धरला की विकायचा. आईच्या दारचं झाड कवाच वाळलं, माझ्या अंगणात खुंटावर भरलेलं एकच उरलं. तर मी गेले लेकीच्या बाळंतपणाला, आणि आमचे मालक, मिल्ट्रीतनं रिटायर, त्यांनी छाटणी केली! अशक्त दिसल्या त्या काड्या कापल्या, खुंटाची रानटी फूट दणकट म्हणून ठेवली, वर मला फोन, अगं, तुझ्या गुलाबाला शिस्त लावली. येऊन बघते तर नुसतं काटंच काटं. आई परत एकदा गेली असं वाटलं.

मंग आठवलं, विश्रामबागच्या कॉलेजातल्या एका बाईंनी माझ्याकडनं रोप नेलेलं. गेले. झाड फुललेलं, माझ्या डोळ्यात पाणी, आणि बाई म्हणतात कशा, ही आमच्या आजोळची जात, औंधची, आम्ही कुणाला काडी देत नाही. आता घ्या! माझंच लेकरू आणि मलाच त्याचं कूळ सांगतात. भांडले असते हो, पण भांडून काडी मिळती का? म्हणलं, व्हय, औंधचाच, मान बघा की, तिथल्या यमाईदेवीपुढं वाकल्यागत. बाई हसल्या, ओळखलंच असणार मला. माझ्या पिशवीतल्या चाकूकडं बघून म्हणल्या, मागून नेलेली काडी जगत नाही म्हणतात, चोरलेली जगते. मी चहा टाकते, आत गेले की मला बाहेरचं काही दिसत नाही. आणि आतनंच ओरडल्या, मावशी, कोवळी नको, जून बघून घ्या!

आता नव्या खुंटावर डोळे धरलेत. मालकांची कात्री मी कुलपात ठेवलीय, ते लांबनंच गुलाबाला सलाम ठोकतात. गिऱ्हाईक विचारतं, कुठला? मी म्हणते, औंधचा. वर आई-बा भांडत असतील, भांडू द्या. कुठनं का आला असंना, आमच्यात नांदतोय, असाच नांदू दे.