पान सत्तावीस, नोंद बेचाळीस

नाव : श्रीमती काशी शांतवन वाघचौरे. वय : ६४ वर्षे. धंदा : चर्चची झाडलोट व देखरेख. शिक्षण : चौथी पास. राहणार : शेणवा, तालुका शहापूर, जिल्हा ठाणे. तारीख : १२/११/२०२५, सकाळी ११.१० वा.

मी पोलीस ठाण्यात स्वतःच्या पायाने, कोणी पाठवले नसताना येऊन, विचारल्यावरून सांगते की,

मी वरील ठिकाणी एकटी राहते. माझे पती शांतवन हे भातसानगरला धरणावर कामाला होते. ते सन २०१४ मध्ये वारले. आमच्या गावात मेथडिस्ट मंडळीचे चर्च आहे. तेथे मी अठ्ठावीस वर्षांपासून झाडणे, पुसणे, घंटा देणे व कपाटे सांभाळणे हे काम करते. चर्चच्या मागच्या खोलीत लोखंडी कपाट आहे. त्यात मंडळीच्या जुन्या वह्या, प्रभुभोजनाची भांडी व खालच्या खणात पोरांचे खेळाचे सामान असते. खोलीची व कपाटाची किल्ली माझ्या कमरेला असते.

त्या कपाटातील बाप्तिस्म्याच्या नोंदवहीचे पान क्रमांक सत्तावीस कापून नेले आहे. त्याबद्दल माझी तक्रार आहे. पान नेणारा इसम रोशन प्रभाकर शिरसाठ हा असून तो आमच्या मंडळीच्या युवक संघाचा अध्यक्ष आहे. तो एकोणीस वर्षे अध्यक्ष आहे. युवक संघाचा सभासद पस्तीस वर्षांच्या आतला असावा असा नियम आहे. रोशन चव्वेचाळीस वर्षांचा आहे. तो डोक्याला रंग लावतो व व्हॉलीबॉल खेळताना तो रंग घामाबरोबर कॉलरीवर उतरतो. हे मी ऐकीव सांगत नाही. खेळून झाल्यावर तो चर्चच्या बाकावर मान टेकून बसतो आणि बाकाची ती पाठ मी पुसते.

त्याचे वय मला कसे माहीत, असे विचारल्यावरून सांगते. दिनांक १२ एप्रिल १९८१ रोजी, झावळ्यांच्या म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, आमच्या चर्चमध्ये दोन मुलांचा बाप्तिस्मा झाला. एक रोशन व दुसरी माझी मुलगी. रोशनच्या आईकडे, देवकीबाईकडे, पांढरे झबले नव्हते. मी माझ्या मुलीचे दिले. पहिला नंबर रोशनचा होता. त्याचे झाले तसे त्याच्या अंगातून काढून ते माझ्या मुलीच्या अंगात घातले. ओले होते ते. तेव्हाच्या पाळकांनी त्याच दिवशी वहीत शाईने लिहिले. पान सत्तावीस, नोंद एकेचाळीस रोशन, नोंद बेचाळीस रंजिता. रंजिता ही माझी मुलगी. ती त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जुलाब लागून वारली. ओढ्याला पाणी होते, शहापूरला नेता आले नाही. मला त्यानंतर मूल झाले नाही.

रंजिताचा जन्म घरी झाला. त्याची ग्रामपंचायतीत नोंद नाही. मृत्यूचीही नाही. तिचा फोटो काढलेला नव्हता. कबरीवर लाकडी क्रूस होता, तो वाळवीने खाल्ला. तिचे नाव लिहिलेला कागद जगात एवढा एकच होता. दर वर्षी झावळ्यांच्या रविवारी मी ते कपाट उघडून वही सत्तावीसव्या पानावर उघडते. कशासाठी, असे विचारल्यावरून सांगते की, धूळ पुसण्यासाठी.

आता युवक संघाबद्दल सांगते. आमच्या युवक संघात सतरा पोरे-पोरी आहेत. त्यांचे काम चांगले आहे. काम सगळे शीतल नावाची मुलगी करते. तिचे वय बावीस आहे. ती शहापूरला कॉलेजात शिकते. दहावीला नापास झालेल्या पोरांचा ती चर्चच्या ओसरीवर संध्याकाळी अभ्यास घेते. त्यात पाड्यावरची पोरेही असतात, आमच्या मंडळीची नसलेली. मार्चमध्ये नऊ बसले, सात पास झाले. मुरबाडच्या पवित्र शास्त्र प्रश्नमंजूषेत आमचे पथक पहिले आले, ते तिने बसवलेले. जून महिन्यात तिने साप चावल्यावर भगताकडे न जाता दवाखान्यात जावे याचे नाटक लिहिले व पोरांनी ते चार पाड्यांवर केले. शीतल स्वतः साप झाली होती.

ऑगस्टमध्ये पाड्यावरील लहानी या बाईस आवणात, भाताची लावणी करताना, साप चावला. घरच्यांनी नाटक पाहिले होते, त्यामुळे तिला थेट दवाखान्यात नेले. ती वाचली. पुढे बरी झाल्यावर ती टोपलीभर काकड्या घेऊन चर्चच्या दारात आली व म्हणाली, "ती साप झालेली पोर कंची? तिला द्याच्यात." शीतल आत पोरांना गणित शिकवत होती. रोशन पुढे झाला आणि म्हणाला, "मीच अध्यक्ष. आमीच केला नाटक." त्याने टोपलीसोबत फोटो काढला आणि टोपली गाडीला लावून घरी नेली. नाटक पाड्यावर झाले त्या चारही दिवशी तो आलेला नव्हता. मला तेव्हाच त्याची शिसारी आली होती. तेव्हा बोलले नाही. ती माझी चूक झाली.

दर वर्षी शहापूर व मुरबाड या दोन तालुक्यांतील आमच्या मंडळ्यांचा युवक मेळावा होतो. यंदा तो रविवार, दिनांक १६/११/२०२५ रोजी मुरबाडला आहे. त्यात उत्कृष्ट युवकाचा सन्मान होतो. रोशनने हा सन्मान आजवर सहा वेळा घेतला आहे. मागच्या वर्षी काही मंडळ्यांनी व्हॉलीबॉलला लेकुरवाळे बाप्ये उतरवले म्हणून भांडण झाले होते. त्यावरून यंदा वरून पत्र आले की, ज्याचे नाव पाठवाल त्याच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीची नक्कल जोडा. आमच्या मंडळीतून दोन नावे निघाली, शीतल आणि रोशन. रोशनच्या आधार कार्डावर जन्म १९९१ चा आहे. तो त्याने पूर्वीच कुठेतरी करून घेतला आहे. आमचे आत्ताचे पाळक हरेश लोंढे हे बदलून येऊन दोनच वर्षे झाली, त्यांना मागचे माहीत नाही. कपाटातली वही तेवढी एक वेगळे बोलत होती.

रोशनची मुलगी काजल सतरा वर्षांची असून तीही याच युवक संघात आहे. बाप चौतीसचा धरला तर तो सतराव्या वर्षी बाप झाला. हा हिशेब मी केलेला नाही. ऋतिक नावाच्या पोराने सगळ्यांच्या देखत केला. काजल त्या दिवशी रडत घरी गेली. त्या पोरीचे मला वाईट वाटते.

गुरुवार दिनांक ०६/११/२०२५ रोजी दुपारी साडेचारच्या सुमारास मी अंगणात भाताची झोडणी करत असताना रोशन माझ्याकडे आला व म्हणाला, "मावशी, किल्ली द्या, जाळी काढायची हाय." मी हातातले काम सोडले नाही. कमरेची किल्ली काढून दिली. तो अर्ध्या तासाने परत आला, किल्ली दिली, पाणी मागितले. मी तांब्या दिला. त्याच्या हातात जाळी नव्हती, हे मी पाहिले पण माझ्या ध्यानात आले नाही. व्हॉलीबॉलची जाळी त्याच्या आधीच्या रविवारपासून ऋतिकच्या घरी होती, हे मला नंतर कळले.

रविवार दिनांक ०९/११/२०२५ रोजी उपासना झाल्यावर पाळकसाहेबांनी नकला काढण्यासाठी वही मागितली. शीतलची नोंद नव्या वहीत निघाली. रोशनची काढण्यासाठी जुनी वही मी स्वतः उघडून दिली. सव्वीसनंतर एकोणतीस होते. सत्तावीसच्या पाठीला अठ्ठावीस असते, म्हणून पान एकच गेले. शिवणीजवळ पट्टी लावून ब्लेडने सरळ कापले होते. मी पाळकसाहेबांना म्हणाले, "पान न्हाय." ते म्हणाले, "कुठलं पान?" शीतलने मला बाकावर बसवले.

रोशन तेथेच होता. त्याने वही हातात घेऊन पाहिली, च्यक च्यक केले आणि सगळ्या मंडळीसमोर म्हणाला, "उंदरांचा काम हाय. मावशींना आता होत नाय. कपाट उघडाच ठेवत्यात." त्यावरून काही बायांनी माझ्याकडे पाहिले. अठ्ठावीस वर्षांत त्या कपाटातली मेणबत्तीसुद्धा उंदराने खाल्लेली नाही.

सोमवारी मी पाळकसाहेबांच्या घरी जाऊन गुरुवारची सगळी हकीकत सांगितली. त्यांनी ऐकून घेतले. ते माणूस म्हणून वाईट नाहीत. ते म्हणाले की, मेळावा तोंडावर आहे, मंडळीची बदनामी होईल, आपल्याला क्षमा करायला शिकवले आहे, घरातली गोष्ट घरात राहावी. मी म्हणाले, "साहेब, क्षमा मी प्रार्थनेत करीन. तक्रार ठाण्यात करीन." त्यांनी मला एक दिवस थांबायला सांगितले. मी एक दिवस थांबले.

मंगळवार दिनांक ११/११/२०२५ रोजी संध्याकाळी पाचच्या सुमारास चर्चच्या बाजूच्या मोकळ्या शेतात पोरे मेळाव्यासाठी व्हॉलीबॉल खेळत होती. मी तेथे गेले. रोशन अर्धी चड्डी घालून, पाठीवर 'यूथ' असे लिहिलेला बनियन घालून खेळत होता. मी त्याला सगळ्यांसमोर विचारले, "रोशन, पान कुठंय?"

तो म्हणाला, "सांगितला ना मावशी, उंदीर."

मी म्हणाले, "पट्टी लावून कातरणारा उंदीर हाय का रे?"

पोरे हसली. तेव्हा त्याने माझ्या दंडाला धरून मला जांभळीच्या झाडाकडे बाजूला नेले. शीतल जाळीचा खांब धरून उभी होती, तिला ऐकू जात होते. रोशन हळू आवाजात म्हणाला, "एका पानाचा काय घेऊन बसल्यात मावशी? जुनी रद्दी ती. न्हाणीच्या चुलीत घातला मी. आता सोडा ना. एकोणीस वर्सा मी या पोरांसाठी झिजलोय, माझा काय हक नाय?"

मी म्हणाले, "त्या पानावर तू एकटा न्हवतास."

त्याला आधी कळले नाही. मग कळले. तेव्हा तो हसून म्हणाला, "अरे हां, तुमची पोरगी. मंग त्यात काय? दुसऱ्या पानावर मी सोताच्या हातानं लिवून देतो. पाळकांची सही पन आणतो." असे म्हणून त्याने खिशातून मोबाईल काढला, त्यात लिहून घेण्यासाठी बोट ठेवले आणि मला विचारले, "काय नाव होता तिचा?"

माझ्या तोंडाला पाणी सुटले, ओकारीच्या आधी सुटते तसे. मी झाडाला धरून थुंकले. त्याच्या अंगावर थुंकले असे तो सांगत असल्यास ते खोटे आहे. माझ्या मनात होते, पण मी जमिनीवर थुंकले. बाप्तिस्म्याला त्याने ते झबले घातले होते. ते मी माझ्या हाताने शिवले होते. मला त्या माणसाची, त्याच्या रंगवलेल्या केसांची, त्या बनियनची किळस येते. आणि तो लहान असल्यापासून त्याला मी रविवार शाळेत खाऊ वाटला, त्याचीही येते.

शीतल माझ्या मागे घरापर्यंत आली. ती म्हणाली, "मावशी, मला नको तो सन्मान. मी नाव काढून घेते. तुमी ठाण्यात नका जाऊ गो, लोक तुमालाच बोलतील." मी तिला म्हणाले, "तुझ्या सन्मानासाठी जातच नाय मी. तू नाव ठेव." तिने जे ऐकले ते ती सांगायला तयार आहे. तिला आज कॉलेजात परीक्षा आहे, ती दुपारनंतर येईल.

चोरीस गेलेल्या मालाचे वर्णन विचारल्यावरून सांगते : कागद एक, दोन्ही बाजूंनी लिहिलेला, पिवळा पडलेला, खालच्या कोपऱ्याला माझ्या बोटाचा डाग. मालाची किंमत विचारली असता मला सांगता आली नाही. हवालदार साहेबांनी 'निरंक' असे लिहिले. निरंक म्हणजे काय, असे मी विचारले. काही नाही, असे त्यांनी सांगितले. मी ते खोडण्यास सांगितले. आता तो रकाना मोकळा आहे, तो मोकळाच ठेवावा.

पान जळाले असेल तर ते परत मिळणार नाही, हे मला समजते. रोशनला तुरुंगात घाला असे माझे म्हणणे नाही, घालू नका असेही नाही. त्याने पान कापले एवढे लिहून घ्यावे. तसेच या जबाबाची एक प्रत मला मिळावी. ती कोर्टासाठी नको आहे. घरात ठेवण्यासाठी हवी आहे.

जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. पहिल्या वेळी मुलीचे नाव चुकून 'रंजना' असे लिहिले गेले होते. ते खोडून दुरुस्त केले व त्या प्रत्येक ठिकाणी माझी सही घेतली. ते नाव पुन्हा एकदा वाचण्यास मी सांगितले, ते वाचले. रंजिता शांतवन वाघचौरे, जन्म २ फेब्रुवारी १९८१, बाप्तिस्मा १२ एप्रिल १९८१, आईचे नाव काशी. हे बरोबर आहे. बाकीचा जबाबही बरोबर आहे.

समक्ष सही : काशी शांतवन वाघचौरे