कोणती फाइल फेकायची

"आजपासून जगातला एकही कॉम्प्युटर कुणाला ताटकळत ठेवणार नाही," असं टॅव्हिशने जाहीर केलं, तेव्हा ऑस्ट्रेलियातल्या होबार्टच्या धक्क्यावर तळलेल्या मासळीसाठी तो स्वतः अर्धा तास ताटकळत उभा होता. रांगेत मागे उभ्या असलेल्या अनोळखी नोरीनबाईंनी कान टवकारले. त्याच्याबरोबर आलेल्या, त्याचा कोड तपासणाऱ्या रोवेनाने मात्र त्याला दटावलं.

"हळू बोल. ऑपरेटिंग सिस्टिमसाठी तुझा कोड पास करायचा की नाही, ते मी ठरवायचंय अजून."

"ठरव ना. वाचलेल्या फायली कॉम्प्युटर मेमरीत ठेवतो. जागा भरली की आजवर सगळ्यात जुनी फेकायचा. आता एकदाच वाचलेली आधी फेकेल, सारखी लागणारी राहील. दुप्पट वेग, रोवेना."

"मोजण्याआधी मेमरी रिकामी केलीस? मागच्या खेपेला फायली आधीच मेमरीत होत्या, डिस्कला हातही न लावता वेग मोजलास, मी भरवशाने 'तपासलं' म्हणून माझं नाव लावलं, आणि सगळ्यांसमोर शोभा झाली माझी."

"या वेळी दर खेपेला मशीन बंद करून चालू केलं. आईची शपथ."

"आणि मध्येच कुणी फाइल बदलली तर?"

"जुनी प्रत तिथल्या तिथे बाद."

"ते बघितलं मी. बघून खुर्चीतून उठले आणि कुत्र्याला सांगितलं."

"म्हणजे आवडलं?"

"आवडलं काय विचारतोस, गाढवा. इतकी वर्षं आम्ही सगळे चुकीची फाइल फेकत होतो."

"मग नाव लाव. आज संध्याकाळी नव्या कोडसाठी दार बंद होतंय, नाहीतर पुढच्या आवृत्तीपर्यंत बस बोंबलत."

"लावते. मिरवत लावते."

नोरीनबाईंना टाळी वाजवावीशी वाटली.

"फक्त एक कर."

"सांग. काहीही."

"कोडच्या चौथ्या ओळीच्या शेवटी एक स्पेस उगाच सुटलीय. ती पुसून सगळं परत पाठव."